काली माळणीचं चिबड

एखादं काम काली माळणीला जमणार नाही असं कोणी सांगितलं, की ते निम्मं झालंच म्हणून समजावं. बाई ठेंगणी, सावळी, हाडाने चिवट. आवाज मात्र असा, की गोमाईच्या पात्रात बैल पाण्यात रेंगाळला तर ती बागेतून हाक मारून त्याला बाहेर काढायची. जन्म प्रकाशा गावचा, तापीच्या काठचा. चौदाव्या वर्षी लग्न होऊन शहाद्याला आली ती सुकलाल माळ्याच्या घरात. सुकलाल शांत माणूस. तो झाडांशीसुद्धा कमी बोलायचा. बोलण्याचं खातं पहिल्या दिवसापासून कालीबाईकडेच आलं, आणि तिने ते शेवटपर्यंत कोणाला दिलं नाही.

सुकलाल ज्या बागेचा माळी होता, ती गावाबाहेर गोमाईच्या अंगाला होती. हुकमीचंद शेटचं सरकी काढायचं कपाशीचं जिन चांगलं चालायला लागलं तेव्हा त्यांनी ती हौसेने लावली आणि बायकोच्या, नोजीबाईंच्या, नावावर केली. मारवाडातून आलेल्या बाईला इथे करमत नव्हतं, म्हणून बाग, असं लोक सांगत. एक विहीर, विहिरीवर वाड्याच्या खिडकीतूनही दिसणारी मोट, वरच्या अंगाला मोगरा, शेवंती, लिंबू, पेरू, आणि कोपऱ्यात माळ्याची एक खोली. हुकमीचंद गेले, मुलगा झुंबरलाल शेट झाला, नोजीबाई म्हाताऱ्या झाल्या. एकोणतीस साली सुकलालही तापाने आठ दिवसांत गेला.

तेराव्याचे पाहुणे परतले आणि चौदाव्या दिवशी सकाळी कालीबाई पदर खोचून मोटेवर उभी राहिली. बाई मोट हाकते हे शहाद्याने तोवर पाहिलं नव्हतं. चार दिवस लोक कुंपणाशी थांबून बघून गेले, पाचव्या दिवशी त्यांनाही कामं होती. झुंबरलाल शेट मवाळ. बाग हिरवी दिसत होती तोवर त्यांनी विषय काढला नाही. कालीबाईला मूलबाळ नव्हतं. बागेतून निघायचं झालं तर प्रकाशा सोडून कळसाडीला स्थायिक झालेला भाऊ होता, दोधू. भाऊ चांगला होता, पण त्याच्या घरी भावजयीच्या चुलीपुढे पाट मांडून मिळेल ते खायचं, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की कालीबाई दोन वाफे जास्त खुरपायची.

सगळी बाग तिच्या शब्दात होती. एक कोपरा तेवढा नव्हता.

बागेचा खालचा भाग नदीकडे उतरत गेलेला. मोटेचं सांडपाणी तिथे जाऊन मुरायचं, पावसाळ्यात गोमाई फुगली की तिचंही पाणी आतून झिरपून वर यायचं. अर्ध्या बिघ्याचं ते चिबड. पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत आत जायचा, उन्हाळ्यात तीच जमीन अशी फाटायची की भेगेत हात जावा. सुकलालने तिथे केळी लावून पाहिली, ती कुजली. कालीबाईने कर्दळ लावली. ती पावसाळ्यात तरारली आणि चैत्रात जागच्या जागी वाळून काडी झाली. गुलाबाचं तर नावच नको. आणि शेटच्या वाड्याकडून बागेत येण्याची पायवाट नेमकी याच कोपऱ्यावरून यायची.

एकतीस सालच्या उन्हाळ्याच्या शेवटी झुंबरलाल शेट एकदा त्या वाटेने आले आणि त्यांचा नवा जोडा चिखलात राहिला. पाय तेवढा बाहेर आला.

"कालीबाई," ते एका पायावर उभे राहून म्हणाले, "सुकलाल गया तधळपाईन मी काही बोलनू नही. पन हाई चिबड देख. पाव्हणा येतस, नाकले रुमाल लावतस. पजूसणलगून आठे काही उभं ऱ्हायनं नही, ते मी नवापूरथून करणसिंगले बलावसू. खोली बी मंग त्यालेच लागी."

करणसिंग म्हणजे नवापूरला एका पारशाच्या बंगल्यात माळीकाम केलेला माणूस. त्याच्या मेंदीच्या कुंपणाची तारीफ सुरतेपर्यंत होती, असं तोच सांगायचा. शेटच्या कानावर त्याचं नाव गेले सहा महिने कोणीतरी घालत होतं. ते कोण, याचा कालीबाईने फारसा विचार केला नाही. गावात सांगणारे पुष्कळ असतात.

"उभं ऱ्हाई, शेट," ती म्हणाली.

"काय उभं ऱ्हाई?"

"ते माले आज नही माहीत. पन उभं ऱ्हाई."

शेटचा जोडा तिने काढून धुऊन दिला.

पजूसण, म्हणजे जैनांचे पर्युषणाचे आठ दिवस, श्रावणाच्या शेवटाला लागायचे आणि ऋषिपंचमीच्या सुमाराला संवत्सरीने संपायचे. हातात अडीच महिने. त्या रात्री तिला शांत झोप लागली, कारण काळजी करत पडणं हे तिला बसून खाण्यासारखंच वाटायचं. सकाळी मोटेने पाणी ओढता ओढता तिला प्रकाशाचा काठ आठवला. तिथे दर पावसाळ्यात तापी वर चढते, दर उन्हाळ्यात खाली जाते, माती कधी चिखल असते कधी दगड, आणि त्याच मातीत एक झाड वर्षानुवर्षं ठाण मांडून असतं. कांद्यासारखा कंद, लांब पट्ट्यासारखी हिरवी पात, आणि पावसाळ्यात मधूनच एक जाड दांडा येऊन त्यावर पांढऱ्या फुलांचा झुबका. पाकळ्या अरुंद, आत जांभळट केसर, वास संध्याकाळी सुटणारा. कोणी त्याला नागदवणा म्हणायचं, तिच्या माहेरी नुसता पाणकांदा. आई त्याचं पान गरम करून सुजेवर बांधायची. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. ते बागेत लावायचं झाड आहे असं आजवर कोणाच्या मनात आलं नव्हतं, कारण फुकट मिळणारी गोष्ट बागेत कोण लावतो?

ज्येष्ठात एक बैलगाडी प्रकाशाला केदारेश्वराच्या दर्शनाला चालली होती, तिच्यात बसून ती चार कोस गेली. दोन दिवस काठावर कुदळ चालवली. सव्वाशे कंद निघाले. दोन पाट्या भरून ती परत आली तेव्हा अंगावर चिखल वाळून पापुद्रे निघत होते आणि ती स्वतःवर बेहद्द खूश होती.

आणि इथेच तिने घोळ घातला. तो घोळ दुसऱ्या गावच्या माळणीने घातला नसता, कारण तिला जैनाच्या घरी इतकं मोकळेपणाने वावरायची सवयच नसती. शेटला दाखवायचं म्हणून कालीबाईने दोन्ही पाट्या सरळ वाड्याच्या आतल्या अंगणात नेल्या. कंद माखलेले दिसतात म्हणून तिथल्याच रांजणाच्या पाण्याने धुतले. आणि पिण्याच्या पाण्याचे हंडे ज्या ओट्यावर ठेवलेले असत, त्या ओट्याच्या कडेने पांढरेधोप कंद ओळीने मांडून ठेवले. वीस वर्षं ती त्या घरात येत-जात होती. त्या घरात कांदा, लसूण, बटाटा, रताळं उंबरा ओलांडत नाही, जमिनीखाली वाढणारं काही तिथे कोणी खात नाही, हे तिला पाठ होतं. पण ते खाण्याचं झालं, असं ती समजत होती. ही तर फुलझाडं!

नोजीबाई सामायिक, म्हणजे ध्यानाची बैठक, आटोपून बाहेर आल्या. सत्तरीच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, हातात काठी. ओट्याकडे पाहून जागीच थांबल्या.

"हाई काय शे?"

"पाणकांदा, माजी. तापीवरना. चिबडमा लावसू. असा धवळा फूल येतीन का देखतच ऱ्हाशात."

"जित्ता खणी काढात?"

"हा माजी. सव्वाशे शेतस."

म्हातारी एक शब्द वाईट बोलली नाही. कालीबाई तिच्या शिव्यांना तयार होती, शिव्या तिला उलट देता आल्या असत्या. नोजीबाईंनी फक्त एवढं सांगितलं, की एका कंदात अनंत जीव असतात, ते मुळासकट उपटले गेले, बाग आपल्या नावाची आहे, तेव्हा दोष आपला.

"आजपाईन तीन दिन मन्हा उपास," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सुनेने ओटा तीनदा धुतला. हंड्यांतलं पाणी झाडांना गेलं. शेट कपाळाला हात लावून बसले. आणि कालीबाई, जिला वीस वर्षांत कोणी गप्प केलं नव्हतं, ती दोन पाट्यांच्या मध्ये तोंडात मारल्यासारखी उभी राहिली. आपल्यामुळे एक म्हातारी तीन दिवस जेवणार नाही, याची तिला मनापासून लाज वाटली. तिने पाट्या उचलल्या, दुसऱ्या दिवशी चार कोस पायी पुन्हा प्रकाशाला गेली आणि काठावरचे आपणच केलेले खड्डे शोधून शोधून सव्वाशेच्या सव्वाशे कंद परत लावले. शेटने नवापूरला निरोप धाडला. दिवाळी झाली की करणसिंग येणार, असं ठरलं.

दुसरी एखादी बाई तेव्हाच गाठोडं बांधून कळसाडीला गेली असती. कालीबाई आश्विनात तिसऱ्यांदा प्रकाशाला गेली. कशाला, तर आपण लावलेले कंद जगले का ते बघायला. काम अर्धवट सोडलं तर तिला जेवण गोड लागत नसे.

कंद जगले होते. पण तिची नजर शेजारच्या जुन्या गड्ड्यांवर गेली. फुलं होऊन गेली होती, दांडे फळांच्या भाराने आडवे होऊन चिखलावर टेकले होते. फळं फुटून आतल्या बिया बाहेर पडल्या होत्या, बोराएवढ्या, हिरव्या, वेड्यावाकड्या. काही पाण्यावर तरंगत काठाला लागल्या होत्या. तिने एक उचलली. मातीला न लागता, कोणी पाणी न घालता तिला कोंब फुटला होता. हे सगळं तिने लहानपणी शंभरदा पाहिलं असेल, त्या बिया भावाला फेकून मारल्याही असतील. तापीत गुडघाभर उभी राहून ती एकटीच मोठ्याने हसली.

या वेळी तिने वाड्यात पाऊल टाकलं नाही. ओसरीच्या खाली उभी राहून हाक मारली. नोजीबाई आल्या, मागून झुंबरलाल शेट आले. तिने पदर पसरून दाखवला.

"माजी, हाई मी तोडं नही, खणं नही. झाडनी सोडी दिधं, तापीनी वाही लयनी, मी फक्त पदरमा धरं."

नोजीबाईंनी वाकून पाहिलं. एक बी तळहातावर घेऊन तो कोंब बराच वेळ न्याहाळला.

"आनी येनापाईन तोच कांदा व्हई?"

"व्हई. पन जमीनमा. मी नुसतं चिखलवर ठेवसू, कोंब त्याना त्यो खाले जास. एकदा बठना का मंग त्याले कुदळ नही, खुरपं नही. कोनीच हात लावाव नही. मी बी नही."

"फूल कधळ?"

कालीबाईला इथे थाप मारता आली असती. पुढच्या पावसाळ्यात, असं म्हणायचं आणि पुढचं पुढे. पण झाडाच्या बाबतीत ती खोटं बोलत नसे, माणसांच्या बाबतीत तिचा इतका कडक नियम नव्हता.

"तिसरा पावसाळामा," ती म्हणाली.

शेट हसले. "तीन पावसाळा! तवलोंग मन्हा पाव्हणा काय पोहत येतीन का?"

"झुंबर," नोजीबाई म्हणाल्या, "बाग तुन्हा बापनी मन्हा नाववर करेल शे. तीन पावसाळा दी दे तिले." मग कालीबाईकडे वळून म्हणाल्या, "तिसरा पावसाळानी संवत्सरी. तधळलगून फूल ऊनं नही, ते तू तुन्ही निंघी जा. मी थांबाडसू नही."

"थांबाडूच नका," कालीबाई म्हणाली.

असा करार झाला. त्याला कागद नव्हता. खोली तोवर तिची राहिली. करणसिंग दिवाळीनंतर आला, वरची बाग त्याच्याकडे गेली आणि राहायला त्याला जिनातली एक खोली मिळाली. कालीबाईकडे उरलं चिबड, तेवढंच.

करणसिंग वाईट माणूस नव्हता. मिशा मोठ्या, बोलणं त्याहून मोठं, पण हात खरा. त्याने कुंड्या आणल्या, मेंदी कातरली, गुलाबाला कलमाचे डोळे बांधले. खालच्या अंगाला तो रोज एकदा यायचा आणि चिबडात ओळीने उगवलेली ती बोटभर पात पाहून मिशा सारख्या करायचा.

"कालीबाई, भाकर कधळ करी? कांदानी पात ते मस्त उनी."

"तू ठेचा कर, दादा, मी भाकर करस."

पहिल्या पावसाळ्यात ते खरंच कांद्याच्या पातीचं शेत दिसलं. शहाद्यातली बायामाणसं विचारून जायची की हा कोणता कांदा. उन्हाळ्यात जमीन फाटली, पात पिवळी पडली, आणि करणसिंगने सुस्कारा सोडून दाखवला. कालीबाई भेगांवर फक्त पालापाचोळा पसरत राहिली. दुसऱ्या पावसाळ्यात तीच पात गुडघ्याएवढी झाली. गवत ती हाताने उपटायची, तेही पाण्याने माती सैल झाली तरच, आणि खुरपं तिने चिबडाच्या कडेबाहेर काढून ठेवलं होतं. त्या वर्षी गोमाई जोरात आली. करणसिंगची मेंदीची खालची रांग मुळांसकट उघडी पडली, चिबडाच्या कडेची माती मात्र जागची हलली नाही. ते दोघांनी पाहिलं. करणसिंगने मेंदी पुन्हा लावली, पण या खेपेला पाणकांद्याच्या आडोशाने. त्यावर कालीबाईने त्याला एका शब्दाने टोमणा मारला नाही, आणि हे न बोलणं तिला फार जड गेलं.

पायवाटही सुधारली. मुळांनी चिखल धरला, पाय आत जाईना. नोजीबाई काठी टेकत महिन्यातून एकदा येत, कडेला उभ्या राहून पात बघत आणि परत जात. त्या खूश आहेत की नाहीत हे त्यांच्या तोंडावरून कधी कळलं नाही.

तिसरा पावसाळा आला. आषाढ गेला, फूल नाही. श्रावणात कानबाई देवी बसली आणि उठली, तिच्यापुढे कालीबाईने रोटांचा नैवेद्य ठेवून जे मागायचं ते मागितलं, फूल नाही. श्रावण उतरणीला लागला. पात कमरेएवढी, गडद, तेलकट, एकेका गड्ड्याला बघत राहावं अशी. दांडा मात्र एकाही गड्ड्यातून वर येईना.

पर्युषण लागायच्या आदल्या दिवशी करणसिंग खाली आला. आज त्याने मिशांना हात लावला नाही.

"देख कालीबाई, मी मस्करी करत नही. कांदा दाटना का फूल देत नही. भर पहाटले ये, आठ-दहा गड्डा कुदळनी हालाडी दे, एक-एक घाव. आठ दिनमा दांडा येतीन. कोनले बी कळाव नही. मी ते सांगावच नही."

तो मनापासून सांगत होता, हे तिला कळलं. तिला रागही आला नाही. खोली, ती विहीर, मोटेच्या बैलांची उतरती धाव, सुकलालने लावलेलं लिंबाचं झाड, हे सगळं आठ दिवसांवर आलं होतं आणि एक कुदळ सोडून तिला वाचवणारं काही दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दुपारी ती घाबरली. आयुष्यात पहिल्यांदा.

मग ती चिबडात उतरली. एका गड्ड्यापाशी बसली, पात बाजूला करून दांडा कुठे लागतो का ते मुळाशी बोटाने चाचपून पाहिलं. बराच वेळ चाचपलं.

"तापीना काठवर कोन कुदळ मारस, दादा?" ती म्हणाली. "तठे याना दुप्पट दाटेल ऱ्हातस. आनी फूल येतंच. मी शब्द देयेल शे, आनी शब्द नसता तरी मी घाव देती नही. त्याले त्यान्हा टाइम कळस."

"तुन्हा टाइम भरत ऊना, त्यानं काय?"

"भरू दे."

पर्युषणाच्या चौथ्या दिवशी, पात फाकवून, बोटाएवढा जाड दांडा वर आला. पाचव्या दिवशी सात. संवत्सरीच्या सकाळी तिने मोजले तेव्हा एकतीस दांडे चिबडात उभे होते, प्रत्येकावर मिटलेल्या कळ्यांचा झुबका, आज उघडणार अशा टोकाला आलेल्या.

आज उघडणार, पण कधी? दिवस मावळताना. आणि दिवस मावळताना शहाद्यातला प्रत्येक जैन, लहान-थोर, स्थानकात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागी, वर्षभराच्या चुका आठवायच्या प्रतिक्रमणाला बसलेला असणार. अंधार पडल्यावर त्या घरचं कोणी बाहेर पडत नाही. कालीबाईने हे वीस वर्षं पाहिलं होतं आणि तीन वर्षांपूर्वी करार करताना तिच्या डोक्यात आलं नव्हतं. संध्याकाळी कळ्या एकेक करून सुटल्या. पांढऱ्या पाकळ्या मागे वळल्या, वास आला, गावाकडे वळलेल्या वाऱ्याबरोबर तो स्थानकाच्या दिशेने निघून गेला. बघायला हजर होते काली माळीण आणि करणसिंग. करणसिंगने डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. कालीबाई धावेवर बसून ढसाढसा रडली, आणि रडून झाल्यावर तिला कडकडून भूक लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य वर आल्यावर नोजीबाई आल्या. झुंबरलाल शेट एका बाजूने धरून होते, कारण म्हातारीने तीन दिवसांचे उपास केले होते आणि अजून पारणं व्हायचं होतं. शेट वाटभर सांगत होते, आई, आधी मुगाचं पाणी घे, मग जा. ऐकेल तर शपथ. चिबडाच्या कडेला येऊन दोघं थांबली. एकतीस दांड्यांवर फुलं तशीच उमललेली होती, रात्रीच्या पावसाने थोडी वाकलेली. शेटच्या तोंडून "अरे वा" एवढंच निघालं.

नोजीबाईंनी फुलांकडे पाहिलं नाही. त्यांनी काठी शेटच्या हातात दिली आणि कालीबाईपुढे हात जोडले.

"काली, खमत खामणा."

संवत्सरीनंतर जैन माणसं घरोघर जाऊन एकमेकांची वर्षभराची क्षमा मागतात, हे कालीबाईला माहीत होतं. पण ते आपसांत. मालकिणीने माळणीपुढे हात जोडलेले तिने पाहिले नव्हते. ती मागे सरली.

"माजी, माले कसाले? माफी ते मी मांगाले पाह्यजे. कांदा मी खणात."

"कांदा तू खणात. पन करणसिंगले बलावानं मी सांगं," नोजीबाई म्हणाल्या. "कांदाना आगोदर सहा महिना. झुंबरना कानमा रोज मीच घालत होतू. सकायले खिडकी उघाडी का मोटवर तू उभी. धवळं कपाळ. मी म्हनू, दिन उगताच हाई रांडमुंड कसाले देखाले. आनी मी कोन शे? मी बी तीच. तुन्हामा माले मी दिखू, ते माले सहन व्हये नही. मी तीन दिन उपास करा तो कांदासाठी करा. तुन्हासाठी एक दिन बी करा नही."

शेट खाली मान घालून उभे होते. मेंदीशी करणसिंगची कात्री थांबली.

कालीबाईला आधी राग आला. चांगला जळजळीत. तीन वर्षं तिने तो दोष एकटीने वाहिला होता. सव्वाशे खड्डे शोधले होते, चार कोस तुडवले होते, म्हातारी आपल्यामुळे उपाशी राहिली म्हणून कितीदा अर्धी भाकर ठेवून उठली होती. आणि हिने तर कंद दिसायच्या आधीच आपल्याला घालवायचं ठरवलं होतं! जिभेवर आलेलं सगळं तिने तोंडात धरलं. मग तिला दिसलं, की काठीवाचून उभी म्हातारी एका अंगाला कलते आहे, आता पडेल. तिने पुढे होऊन तिला धरलं, धावेच्या दगडावर बसवलं आणि स्वतः खाली ओल्या मातीत बसली.

"माफ करं, माजी," ती म्हणाली. "मनथून करं. आते पारणं करा. पन माफीवर मन्हं पोट भरत नही. मन्हं काम माले पाह्यजे. खोली बी. आनी उपकार म्हनीसन नको."

झुंबरलाल शेट बोलायला गेले, तोच नोजीबाईंनी हात वर केला.

"फूल तिसरा पावसाळामा ऊनं. संवत्सरीना दिनले ऊनं, वास स्थानकलगून ऊना. करार पुरा व्हयना. तिन्हं काम तिन्हं शे, त्यामा तू आनी मी कोन देवावाला?" त्या दम खायला थांबल्या. "आनी काली, सकायपाईन मी रोज आठे येसू. दिन उगना का पहिलं तोंड तुन्हं देखसू. जीव शे तवलोंग."

कालीबाईने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि तिचा तो गोमाईपार जाणारा आवाज परत आला.

"मंग दिन उगताच या. मी उशिरलोंग थांबत नही, माले कामं शेतस."